म्हाताऱ्या मांजराची भूक वाढली? आधी वजन करा

(वजनकाटा कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार. हा काटा तान्ह्या बाळांचं वजन करायचा आहे. आज आपण मांजराच्या वाढलेल्या थायरॉईडबद्दल बोलणार आहोत. गोळ्यांकडे येतेच, पण आधी हा काटा. कारण माझ्याकडे तो वेळेवर असता, तर मनीचे दोन-तीन महिने वाया गेले नसते.

मनी १३ वर्षांची होती. अचानक तिची भूक उघडली. वाटी चाटूनपुसून साफ, पुन्हा ओट्याशी येऊन ओरडा. पहाटे चारला घरभर फेऱ्या आणि मोठमोठ्यानं हाका. आम्हाला वाटलं, वा, म्हातारपणी काय तरतरी आलीये! मग एक दिवस तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि बोटांना एकेक मणका लागला. दाट केसांमुळे डोळ्यांना काही दिसतच नव्हतं. वजन केलं, तर ४ किलो २०० ग्रॅमची मांजर ३ किलो ४०० वर आली होती.

भरपूर खाणं आणि तरीही खंगत जाणं, हे दोन्ही एकत्र दिसलं की डॉक्टरांकडे जायचंच. सोबत कधी उलट्या, जास्त पाणी पिणं, विस्कटलेले केस, छातीवर हात ठेवला तर धडधड. हा आजार बहुतेक वेळा दहा वर्षांपुढच्या मांजरांना होतो. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत गाठ वाढते, ती गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते आणि सगळं शरीर रात्रंदिवस पळत राहतं. गाठ म्हटल्यावर पोटात गोळा येतो, मलाही आला होता. पण यातल्या जवळजवळ सगळ्या गाठी साध्या असतात, कॅन्सरच्या फार थोड्या.

निदान होतं रक्ताच्या टी-फोर तपासणीवर; टी-फोर म्हणजे थायरॉईडचं मुख्य हार्मोन. उपचाराचे रस्ते चार. किरणोत्सारी आयोडीनचं इंजेक्शन बहुतेक मांजरांना एकाच वेळी कायमचं बरं करतं, पण त्याची सोय मोजक्या ठिकाणी असते आणि मांजराला काही दिवस तिथेच ठेवावं लागतं. ऑपरेशननंही आजार जाऊ शकतो, पण म्हाताऱ्या मांजराला भूल देण्याची जोखीम असते. कमी आयोडीनचं खास खाणं मिळतं, मात्र त्याशिवाय एक घासही दुसरा चालत नाही, शेजाऱ्यांकडचासुद्धा नाही. आणि चौथी, रोजची गोळी: मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल.

गोळी गाठ घालवत नाही, फक्त हार्मोन आटोक्यात ठेवते. बंद केली की काही दिवसांत सगळं पूर्ववत. म्हणून ती साधारणपणे आयुष्यभराची. मनी गोळी थुंकायची, तेव्हा डॉक्टरांनी कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं मलम दिलं. ते लावताना हातमोजे घालाच, नाहीतर औषध तुमच्याच कातडीत मुरेल. घरात कुणी गरोदर असेल तर हे औषध आणि मांजराची घाण, दोन्ही कामं दुसऱ्यानं करावीत. पहिल्या काही आठवड्यांत उलटी, खाणं सोडणं, किंवा तोंड-मान रक्त येईपर्यंत खाजवणं दिसलं, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो भाग. उपचार सुरू होतात आणि दोन-तीन आठवड्यांनी किडनीचा रिपोर्ट बिघडलेला येतो. लोक म्हणतात, गोळीनं किडनी घालवली, आणि गोळी बंद करतात. कृपा करून असं करू नका. थायरॉईड वाढलेलं असताना किडनीतून रक्त जास्त जोरात फिरतं, त्यामुळे थकलेली किडनीसुद्धा रिपोर्टमध्ये ठणठणीत दिसते. जोर ओसरला की तिची खरी अवस्था समोर येते. डोस जास्त झाला तर मात्र टी-फोर फार खाली जातो आणि तेही किडनीला बाधतं. म्हणून टी-फोर आणि किडनी, दोन्ही एकत्र तपासायचं: सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांनी, डोस बदलला की पुन्हा, आणि घडी बसली की तीन ते सहा महिन्यांनी.

त्याच वेळी रक्तदाबही मोजून घ्या. तो वाढलेला राहिला तर डोळ्याचा पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. मांजर भिंतीला धडकतंय, बाहुल्या मोठ्या झाल्यात, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

घरी माझ्याकडे एक वही आहे. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, मनी टोपलीत बसते, टोपली काट्यावर. टोपलीचं वजन वजा करायचं आणि आकडा लिहायचा. ती गाढ झोपली की मिनिटभर श्वास मोजते; ३० च्या वर सारखे जाऊ लागले तर डॉक्टरांना कळवते. गेल्या रविवारचा आकडा ३ किलो ९५०.