आधी विमा, मग तिकीट
(नागपुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर गेलं की आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. काका-काकू मुलाकडे जातात आणि दिवाळीच्या आसपास परत येतात. हल्ली मात्र ऐकू येतं, "आता कायमचंच जायचं म्हणतोय." फाईल होते, तिकीट निघतं, लक्ष्मीनगरातला फ्लॅट भाड्याने जातो. आजारपणाचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "ते मुलगा बघतो."

मुलगा काय बघणार? अमेरिकेत त्याच्या कंपनीचा विमा त्याच्यासाठी, बायकोसाठी आणि लेकरांसाठी असतो. आई-वडील त्यात सहसा बसत नाहीत. आपल्याकडे कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांचं नाव घालता येतं, म्हणून आपण तिथेही तसंच धरून चालतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा की तुम्ही कोणत्या कागदावर जाताय? तुमचा विमा त्या कागदावर ठरतो. नात्यावर नाही.

पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांसाठी मिळतो तो व्हिजिटर इन्शुरन्स. तो अचानक आलेल्या संकटासाठी आहे. गुडघा बदलायचा आहे, मोतीबिंदू काढायचा आहे, शुगरची नेहमीची तपासणी करायची आहे, हे त्यात येत नाही. आता मधुमेह आणि बीपी तर आपल्यापैकी बहुतेकांना आहे. अशा जुन्या आजाराबद्दल अमेरिकेच्या अनेक पॉलिसींमध्ये 'अ‍ॅक्यूट ऑनसेट' नावाचं कलम असतं. म्हणजे जुनं दुखणं एकाएकी, आधी कुठलीही चाहूल न देता उसळलं आणि २४ तासांच्या आत तुम्ही दवाखाना गाठला, तरच पैसे. छातीत दुखतंय, पण मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू, उद्या दाखवू, असं म्हणत दोन दिवस काढले की दावा गेला. आपल्या पिढीला तर हीच सवय! शिवाय सत्तरीनंतर आणि ऐंशीनंतर विम्याची रक्कम बऱ्याच ठिकाणी झपाट्याने कमी होते. माहितीपत्रकावर मोठा आकडा असतो, तुमच्या वयाचा आकडा आतल्या पानावर असतो. आतलं पान वाचा.

कॅनडाचं गणित वेगळं आहे. तिथे आई-वडिलांसाठी सुपर व्हिसा आहे आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं. पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा आरोग्य विमा दाखवल्याशिवाय तो व्हिसा मिळत नाही. त्या पॉलिसीत 'स्टेबल' हा शब्द शोधा. जुना आजार प्रवासाआधी ९० किंवा १८० दिवस स्थिर असायला हवा, अशी अट बहुधा असते. समजा, निघायच्या महिनाभर आधी तुम्ही धंतोलीत डॉक्टरांकडे गेलात आणि त्यांनी बीपीची ५ मिलिग्रॅमची गोळी १० ची केली. झालं, तुमचा बीपी विमा कंपनीच्या लेखी अस्थिर. काही कंपन्या तर गोळी कमी केली तरी तो बदलच मानतात. म्हणून डोस बदलला तर कंपनीला लेखी कळवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. उपचार थांबवून मात्र बसू नका.

आता ग्रीन कार्ड. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. ६५ वर्षं झाली की अमेरिकेत मेडिकेअर हे सरकारी आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं हे खरं, पण ते तिथे नोकरी करून साधारण १० वर्षं कर भरलेल्यांना. मुलाने भरलेला कर आई-वडिलांच्या कामी येत नाही. ज्याने तिथे कामच केलं नाही, त्याला ग्रीन कार्डावर सलग ५ वर्षं राहिल्यानंतर मेडिकेअर हप्ता भरून घेता येतं. २०२५ साली हॉस्पिटलच्या भागाचा हप्ता महिन्याला ५१८ डॉलर होता आणि डॉक्टरांच्या भागाचा किमान १८५. म्हणजे माणशी ७०३ डॉलर, नवरा-बायकोचे १,४०६. दर महिन्याला! पात्र झाल्यावर ठरलेल्या मुदतीत नाव नोंदवलं नाही तर वर दंडही लागतो.

मग मधली ५ वर्षं? त्यासाठी तिथल्या मार्केटप्लेसमधून, म्हणजे आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारातून, पॉलिसी घेता येते. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा. जुन्या आजारावरून ते नाकारू शकत नाहीत, पण वयामुळे हप्ता जड असतो. आणि सहा महिने इथे, सहा महिने तिथे करणाऱ्यांनी लक्षात घ्या, 'सलग' ही अट तुमच्यावरच येऊन बसते.

ऑस्ट्रेलियाची मेडिकेअर साधारणपणे कायमच्या रहिवाशांसाठी आहे, आणि ज्या देशांशी त्यांचा परस्पर आरोग्य करार आहे त्यांत भारत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटकाला हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं, तर एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा, ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लावते.

आता मला खरी काळजी आहे ती इथल्या पॉलिसीची. "आता तिकडेच राहायचं तर इथला हप्ता कशाला?" असं म्हणून लोक वीस वर्षांची पॉलिसी बंद करतात. तिकडे करमलं नाही, थंडी मानवली नाही, जोडीदार गेला, अशी कितीतरी कारणं असतात. माणसं परत येतात. तेव्हा नवी पॉलिसी घ्यायची म्हणजे जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबणं पुन्हा पहिल्यापासून. माझं स्पष्ट मत आहे, तिकडचा पूर्ण विमा हातात पडून दोन-तीन वर्षं होईपर्यंत इथला हप्ता ऑटो-डेबिटवर चालू ठेवा. आणि त्या बँक खात्यात पैसे ठेवा. हप्ता चुकला तर भरायला मिळणारी सवलतीची मुदत, म्हणजे ग्रेस पिरियड, जास्तीत जास्त ३० दिवसांची असते.

नागपुरात केंद्र सरकारचे, रेल्वेचे, डब्ल्यूसीएलचे (वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचे) निवृत्त पुष्कळ. तुमची उपचारांची कार्डं सोन्यासारखी आहेत, पण शिकागोच्या इमर्जन्सीत ती दाखवून उपयोग नाही. सत्तरी पार केलेल्यांच्या आयुष्मान कार्डाचंही तेच.

मागून प्रश्न आलाय, "वय ७४, पॉलिसी कधी काढलीच नाही. आता मिळेल?" अर्ज करता येईल. १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांची वरची अट राहिलेली नाही. पण कंपनी तपासणी करेल, बिलाचा काही वाटा तुमच्याकडून घेईल, कदाचित नकारही देईल. अर्जात एकही आजार लपवू नका. आणि जायच्या आधीच काढा, कारण थांबण्याची ती ३ वर्षं तुम्ही मुलाकडे असतानाही मोजली जातात.