पन्नास वर्षांचं ऑईल, सील न फोडलेलं

(दृश्य : फळीवर ओळीनं लावलेले डबे. एकाच्या बुडाखाली तेलाचं गोल वळ.)

पुठ्ठ्याचा डबा, वर-खाली पत्र्याची झाकणं. आत एक क्वार्ट, म्हणजे साधारण 946 मिलिलिटर इंजिन ऑईल. हे जुन्या गाडीत ओतावं का, ते पाहू. प्लास्टिकच्या बाटल्या 1980च्या दशकात रुळल्या. त्याआधी ऑईल बऱ्याचदा असं यायचं. फळीवरचं हे वळ पाहा. पुठ्ठा आणि पत्रा जिथे जुळतो तिथून तेल पाझरतं, आणि तेल बाहेर येतं त्या वाटेनं दमट हवा आतही जाते. डबा ‘सीलबंद’ आहे म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

हवा आणि उष्णता लागली नाही तर मूळ खनिज तेल सहसा विटत नाही. ‘जुन्या गाडीला जुनंच ऑईल’ म्हणणाऱ्यांचं इथपर्यंत बरोबर आहे. पण त्या तेलात कारखान्यात काय काय मिसळलं होतं, किंवा काहीच मिसळलं नव्हतं का, हे झाकण वाचल्याशिवाय कळत नाही.

(दृश्य : झाकणावरची छापील अक्षरं, अगदी जवळून.)

एसए. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीतला हा पहिला वर्ग. अशा ऑईलमध्ये अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंजिन जपायला वरून मिसळलेली रसायनं, नसतातच. 1930 नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते चालत नाही, असं ती संस्थाच सांगते. पुढच्या वर्गांनाही इंजिनाच्या सालाची अशीच मर्यादा आहे : एसबीची 1951, एससीची 1967, एसडीची 1971, एसईची 1979, एसएफची 1988. डबा त्याहून जुना असेल तर एमएल, एमएम, एमएस दिसेल : हलकं, मध्यम आणि कडक काम.

इथेच लोक फसतात. गाडी 1965ची, डबाही त्याच सुमाराचा, म्हणून जोडी जमली असं वाटतं. पण बिनअ‍ॅडिटिव्हचं स्वस्त ऑईल तेव्हाही विकलं जायचं आणि त्या गाडीला ते तेव्हाही चालत नव्हतं.

(दृश्य : डबा पुसणं, नळी ठोकणं, काचेच्या बरणीत पडणारी धार.)

आता डबा उघडू. आधी कडेची धूळ आणि गंज कापडानं पुसून घ्या, नाहीतर ओतायची टोकदार नळी झाकणात ठोकताना तो सगळा आत पडतो. त्याआधी डबा एक दिवस हलवू नका. मग सावकाश ओता आणि शेवटचं बोटभर तेल वेगळ्या बरणीत घ्या. वरचं तेल मधासारखं, आरपार दिसतंय. आणि हे तळाचं. काचेला चिकटून राहिलेला हा बुळबुळीत थर बऱ्याचदा तळाशी बसलेल्या अ‍ॅडिटिव्हचा असतो. डबा हलवून तो पुन्हा नीट विरघळेल, याचा भरवसा नाही. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. आंबूस वास आला तर तेल बाद, पुढे काही तपासायची गरजच नाही.

(दृश्य : तापलेली तबकडी, ड्रॉपरमधून पडणारा थेंब. आवाज ऐकू द्यावा.)

डोळ्यांना न दिसणारं पाणी असं पकडतात. विजेवरची तबकडी साधारण 160 अंश सेल्सिअसला तापवायची, डोळ्यांवर चष्मा, जवळपास उघडी ज्योत नाही. वर तेलाचा एक थेंब. तडतडलं, बुडबुडे आले, की पाणी आहे. थेंब गप्प पसरला तर निदान फार पाणी नाही. मात्र झीज रोखणारं झिंकचं अ‍ॅडिटिव्ह शिल्लक आहे की नाही, हे या चाचणीत कळत नाही.

(दृश्य : कॅमशाफ्ट. एक उंचवटा धड, शेजारचा चपटा.)

झिंक आणि फॉस्फरसचं ते संयुग, झेडडीडीपी, सपाट टॅपेटच्या इंजिनात कॅम, म्हणजे शाफ्टवरचा उंचवटा, आणि त्यावर घासणारं टॅपेट यांच्यामध्ये पातळ थर धरतं. ओलावा लागला की त्याचं विघटन होतं. तो थर नसला की कॅम असा झिजतो.

(दृश्य : उतरवलेलं ऑईल चेंबर.)

ही काळी, लोण्यासारखी काट डिटर्जंट, म्हणजे घाण साचू न देणारं अ‍ॅडिटिव्ह, नसलेल्या ऑईलची. अशा इंजिनात एकदम आधुनिक ऑईल भरलं तर काट सुटते, तुकडे गाळणीत अडकतात, तेल पुढे पोचत नाही, आणि मग बेअरिंग जातात. म्हणून चेंबर आधी उतरवायचं. गाळणी रॉकेलनं धुवायची, गॅस्केट आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायचा. भरायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाटपणाचं ताजं मिनरल ऑईल, बहुधा 20डब्ल्यू-50 किंवा एसएई 30, ज्यात झिंक 1000 ते 1200 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आहे. 5डब्ल्यू-30सारख्या पातळ, एसपी या नव्या वर्गाच्या ऑईलमध्ये फॉस्फरसवर 800 पीपीएमची मर्यादा असते. ते सपाट टॅपेटला कमी पडू शकतं. क्लच ऑईलमध्येच बुडालेला असेल, अशा मोटारसायकलला जेएएसओ एमए (ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं ऑईल हवं. स्पार्क प्लग काढून, ऑईल प्रेशर दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवायचं, मगच चालू करायचं. पहिलं ऑईल 500 किलोमीटरच्या आत काढून टाका.

एसई किंवा एसएफचा स्वच्छ, न पाझरलेला डबा असेल तर? त्याच काळच्या इंजिनात थोडा वेळ चालेलही. पण ऑईल कंपन्या साठवणुकीची मुदत साधारण पाच वर्षं देतात, आणि कॅमशाफ्टपेक्षा ऑईल नेहमीच स्वस्त पडतं.

उघडलेलं हे तेल बिजागऱ्या, जॅकचे आटे, गंजू पाहणारी हत्यारं यांना लावा. हातमोजे घालून, कारण कमी शुद्ध केलेलं जुनं खनिज तेल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर कर्करोगाचा धोका असतो.

(दृश्य : पुन्हा फळी. डब्यांखाली आता पत्र्याचा ट्रे.)

बाकीचे डबे फोडलेले नाहीत. भरलेल्या डब्याला संग्राहक रिकाम्यापेक्षा जास्त मोजतात. रिकामा करायचाच झाला, तर भोक बुडाला पाडा. वरचं झाकण शाबूत राहतं.