बांध, वेदी आणि कोर्टाची वाट

[दृश्य : करवीर तालुक्यातली उसाची रानं, मधोमध बांध]

आपल्याकडं भावाभावांचं बोलणं बंद पडतं ते बरेचदा या बांधापायी. एकानं वीतभर बांध कोरला, दुसऱ्यानं पाण्याची पाळी मोडली, की संपलं. मग लग्नकार्यात पाठ फिरवायची, मयतीला तेवढं तोंड दाखवायचं. ख्रिस्ती घरंही याला अपवाद नाहीत.

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. तेव्हापासून इथं वाचल्या जाणाऱ्या बायबलात रागाला सरसकट बंदी नाही. येशू स्वतः रागावला. वाळल्या हाताच्या माणसाला शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी बरं करायचं की नाही, या प्रश्नावर सभास्थानातली माणसं गप्प बसली; त्यानं त्यांच्याकडं रागानं पाहिलं, असं मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो. त्याच वाक्यात तो खिन्न झाल्याचंही येतं. प्रेषित पौल मात्र आपल्या पत्रात रागाला मुदत घालतो : सूर्य मावळायच्या आत.

[दृश्य : प्रभुभोजनाचं तबक, पावाचे छोटे तुकडे]

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली अट याहून कडक. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव. आधी जाऊन समेट कर. ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमात, म्हणजे काही दिवसांची पायपीट. पंढरपूरच्या दर्शनबारीत नंबर जवळ आल्यावर बारी सोडून गाव गाठावं, तसलं हे सांगणं. शिवाय इथं रागावलाय तो भाऊ. तरी उठायचं आपण. चूक कुणाची, हे विचारलेलंच नाही. हे जाचक वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण मोजणी आणू नका, हक्क सोडा, असंही कुठं म्हटलेलं नाही. प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीत पाव वाटून खायच्या विधीआधी, आत्मपरीक्षण करायला सांगतात, तेव्हा तबक नुसतंच पुढं सरकवणारा एखादा असतो. त्याचं कुठंतरी मिटायचं राहिलेलं असतं.

लगेच पुढचं वचन थेट कोर्टाचं आहे. वादी वाटेत सोबत आहे तोवर मिटवून टाक. एकदा न्यायाधीशापुढं गेलास की शेवटची दमडी फेडेपर्यंत सुटका नाही.

[दृश्य : कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयासमोरची वर्दळ, काळे कोट]

ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच भरतं. पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे वाचले, हे फार चांगलं झालं. वाटेत मिटवायचं म्हटलं, तर मुंबईच्या गाडीत आख्खी रात्र हाताशी असायची. आता स्टँडपासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं मिळतात.