पेठेत पाणी कुठून यायचं? पुण्याच्या जुन्या गावठाणाच्या आठवणी नोंदवताना

(दृश्य : फडके हौद चौक, सकाळची वर्दळ. मग गल्ल्यांच्या पाट्या एकामागून एक.)

फडके हौद कुठे आहे, हे पुण्यातला कुठलाही रिक्षावाला सांगेल. हौद मात्र शोधून सापडत नाही, उरलंय ते चौकाचं नाव. कसब्यात कागदीपुरा आहे, तिथे एके काळी हातकागद तयार व्हायचा. शिंपी आळी आहे, कुंभारवाडा आहे. तांबट आळीत तांब्यावर पडणारे ठोके आजही ऐकू येतात.

शनिवारवाडा, विश्रामबागवाडा यांच्यासारख्या वास्तूंची नोंद सरकारदरबारी आहे. पण पेठ काही दहा-वीस मोठ्या वास्तूंची बनलेली नाही. ती दोन खणांच्या बिऱ्हाडांची, सामाईक मोरीची, आडावरच्या रांगेची आणि ओट्यावरच्या दुकानाची आहे. दोन खणांत सहा माणसं कशी झोपायची, कुठल्या दाराने कुणाला आत घ्यायचे, पाणी कोण भरायचं, हे कुठल्याही मालमत्ता पत्रकावर लिहिलेलं नसतं. ते माणसांच्या डोक्यात असतं. वाडा पाडला की ही माणसं कोथरूडला, धायरीला, सिंहगड रस्त्याला पांगतात. आठवण राहते, पण बोट ठेवायला जागा राहत नाही.

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला त्या १९६१ साली जो दहा वर्षांचा होता, तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. या आठवणी नोंदवण्याचं काम पुढच्या पिढीवर ढकलता येणार नाही.

(दृश्य : टेबलावर सिटी सर्व्हेचा नकाशा, त्यावर ट्रेसिंग पेपर, पेन्सिल धरलेला वयस्क हात.)

मुलाखतीच्या आधी नकाशा हातात हवा. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) कार्यालयातून त्या भागाचा नकाशा आणि मालमत्ता पत्रक मिळवावं. एकाच वाड्याला दोन-तीन नंबर असतात: पालिकेचा जुना घर नंबर, सिटी सर्व्हे नंबर, आणि नवी इमारत झाली असेल तर तिचा वेगळा. सगळे लिहून ठेवायचे. जुन्या पत्रावर एक नंबर आणि भाडेपावतीवर दुसरा असला, की हे दोन वाडे समजून नोंदी वेगळ्या पडतात आणि पुढे जुळत नाहीत.

नकाशा मोठा करून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि सांगणाऱ्या आजोबांना, आजींना स्वतःच्या हाताने रेघा ओढू द्याव्यात. आड कुठे, संडास कुठे, पिठाची गिरणी कुठे, गणपतीचा मांडव कुठे. दर माणसाला नवा कागद. आधीच्या माणसाने काढलेला कागद दाखवायचा नाही. तो दाखवला, की पुढचा माणूस भिडेखातर "हो, तिथंच होतं" म्हणतो, आणि दोन साक्षींची एकच साक्ष होते. पाच कागद एकमेकांवर ठेवल्यावर तीन ठिकाणी आडाची खूण एकावर एक पडली, तर ती जागा बहुधा खरी.

पेठांची नावंही बदललेली आहेत. गुरुवार पेठ ही आधीची वेताळ पेठ, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर. घरातल्या जुन्या दस्तात ही नावं आली, तर ती दुसऱ्या गावची समजून कागद बाजूला टाकू नये.

(दृश्य : मोडी कागद, बोट सनावर थांबतं.)

सनाची गोष्ट याहून अवघड. पेशवाईतल्या कागदावर इसवी सन नसतो. शके असेल तर ७८ मिळवायचे. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याचं वर्ष, मृगाला (जूनच्या सुरुवातीला) बदलतो, त्यात ५९० मिळवायचे आणि जानेवारी ते मृग या काळासाठी ५९१. शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०, आणि जानेवारी ते मृग या काळातला कागद असेल तर १७७१. एका वर्षाचा फरक किरकोळ वाटतो; पण वाटणीपत्र आधीचं की गहाणखत आधीचं, हे त्या एका वर्षावर ठरतं.

मोडी वाचता येत नसेल तर अंदाजाने वाचू नये. कागदाचा नीट फोटो घेऊन मोडी जाणणाऱ्याकडे द्यावा. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच पेठांत उभं आहे, आणि पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. घरातला कागद आणि दफ्तरातला कागद समोरासमोर आले, तर वाड्याचा मूळ पुरुष कोण, जागा इनाम की विकत घेतलेली, हे उलगडतं.

(दृश्य : खोली. पंखा बंद होतो. कॉलरला माइक लावला जातो.)

आता माणूस. आवाज वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला नोंदवावा. माइक हनुवटीपासून एक वीत खाली. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकी रस्त्याकडची असेल तर तीही बंद. पातळीचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळता ठेवावा. तांबट आळीत मठारकाम, म्हणजे भांड्यावर ठोके मारण्याचं काम, चालू असताना बोलणं नोंदवायचं असेल, तर एकाच वेळी दुसरा ट्रॅक बऱ्याच कमी पातळीवर घ्यावा. मठारण्याचा ठोका इतका तीव्र असतो की पहिल्या ट्रॅकवर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही यंत्राने सांधता येत नाही.

बैठक पाऊण तासाची, फार तर तासाची. त्यानंतर वयस्क माणूस दमतो आणि जे विचाराल त्याला होकार देऊ लागतो. मुलगा-सून शेजारी बसलेले नसावेत. "बाबा, तसं नव्हतं हो" असं एकदा कुणी म्हटलं की बाबा गप्प होतात. घरच्यांचं म्हणणं वेगळं, वेगळ्या बैठकीत नोंदवावं.

"तुम्ही हौदावरच पाणी भरायचात ना?" हा प्रश्नच चुकीचा, कारण उत्तर त्याच्या पोटातच आहे. "आजी, तुमच्याकडे पाणी कुठून यायचं? कोण आणायचं? हंडा असायचा की कळशी? किती पायऱ्या उतरायला लागायच्या?" असं विचारावं. पायऱ्या विचारल्या की पाय आठवतात, आणि पायांमागून बाकीचं येतं.

साल विचारू नये. "पानशेतच्या आधी की नंतर?" हे विचारावं. १२ जुलै १९६१ ही पुण्यातली सर्वांत पक्की खूण आहे. तिच्या अलीकडे ३० जानेवारी १९४८. पलीकडे ६५ च्या युद्धातला ब्लॅकआउट, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ. दोन खुणांच्या मध्ये गोष्ट बसवली की साल दोन-चार वर्षांच्या आत येतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

(दृश्य : दगडी उच्छ्वास. मग बंदिस्त हौदाचं तोंड.)

पाण्याचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा, कारण पेठेची सगळी रचना त्यात उघडी पडते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगड-चुन्याचा नळ आणला गेला. पंप नाही, चाक नाही, फक्त उतार. वाटेत ठिकठिकाणी दगडी उच्छ्वास बांधले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर जायची आणि गाळ काढायला माणूस आत उतरायचा. पाणी पेठांमधल्या हौदांत पडायचं: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. पुढे नाना फडणविसांनी आंबेगावकडून आणखी एक नळ आणला.

ज्याला पुणेकर नळ म्हणायचे, तो काही बोटभर जाडीचा नव्हता. मुख्य नळातून माणूस वाकून चालू शकतो. म्हणूनच पेठांतल्या कितीतरी घरांत ऐकू येतं की आमच्या वाड्याखालून भुयार जातं, ते पर्वतीला निघतं, पेशवे तिथून पळून जाणार होते. अशी गोष्ट ऐकली की काही अभ्यासक ती हसून सोडून देतात. तसं करू नये. भुयाराचं तोंड कुठे होतं, पायऱ्या होत्या का, आतून गार वारा यायचा का, खाली ओल होती का, भिंत दगडाची की विटांची, हे सगळं विचारून घ्यावं आणि नकाशावर खूण करावी. या खुणा कात्रजच्या नळाच्या ओळीत पडल्या, तर त्या घराने पळवाटेच्या गोष्टीत गुंडाळून जलव्यवस्थेचा एक तुकडा सांभाळून ठेवलेला असतो. नोंदीत दोन्ही लिहायचं, आख्यायिका आख्यायिका म्हणून आणि मोजमाप मोजमाप म्हणून.

आणि याच प्रश्नाचं दुसरं उत्तर. हौद सगळ्यांसाठी नव्हते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो का खुला करावा लागला, हे फक्त वाड्याच्या मालकांना विचारून कधीच कळणार नाही. मालकाइतकंच भाडेकरूला, भांडी घासणाऱ्या बाईंना, पाणी भरणाऱ्याला, संडास साफ करायला मागच्या बोळातून येणाऱ्याच्या मुलाबाळांना विचारायला हवं. मागचा बोळ नकाशावर नसेल, तर तो नकाशा अर्धा आहे.

(दृश्य : जुन्या देवळाचं जोतं, त्यावर धरलेली मोजपट्टी.)

पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली, आणि नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत पाणी शिरलं. पाणी कुठवर आलं होतं, हे सांगताना प्रत्येक जण हात वर करतो. तो हात मोजायचा कसा?

रस्त्यापासून मोजू नये. साठ वर्षांत डांबराचे थरावर थर चढून रस्ता उंच झालाय. अनेक वाड्यांचा उंबरठा आता रस्त्याच्या खाली आहे. मोजमाप न हललेल्या दगडापासून घ्यायचं: देवळाचं जोतं, खांबाचा तळखडा, दिंडी दरवाजाची पायरी. सांगणाऱ्याला शक्य असेल तर त्याच जागी उभं करावं आणि "तेव्हा पाणी कुठल्या पायरीवर होतं? कोनाडा बुडला होता का?" असं विचारावं. लहानपणीचं 'गळ्यापर्यंत' हे मोठेपणी हात वर करून सांगितलं जातं, म्हणून कोनाडा, कडी, खिडकीचा गज अशा वस्तूंशी जोडलेली उंचीच ग्राह्य धरावी. शेजारच्या चार घरांच्या उंच्या एका पातळीत यायला हव्यात. एकच घर तीन फूट वर निघालं, तर जोतं बदललंय की आठवण वाढलीय, हे पुन्हा जाऊन पाहावं.

(दृश्य : गोणीतून काढलेले अल्बम. काचेला चिकटलेला फोटो.)

त्या पुरात कित्येक घरांचे कागद आणि फोटो गेले. जे उरले, त्यांतले काही नंतर मायेपोटीच बिघडवले गेले. लॅमिनेशन ही त्यातली मोठी चूक: उष्णतेने कागद प्लॅस्टिकला कायमचा जडतो, पुन्हा सुटत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो. तो काचेसकटच, चकाकी टाळून, कॅमेऱ्याने टिपावा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो दात साफ करायचा दोरा मागून सरकवत हळूहळू सोडवावा.

स्कॅन ६०० डीपीआयला, टिफमध्ये. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह असेल तर २४०० च्या वर. मूळ वस्तू शक्यतो त्याच दिवशी घरी परत. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहावं. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या कागदावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा पाकिटावर लिहावं. फोटोत कोण आहे, एवढंच विचारून थांबू नये. मागे कुणाचं दार दिसतंय, हेही विचारावं. बारशाच्या फोटोत बाळामागे उभा असलेला सुरूचा खांब आणि वरचा कडीपाट (लाकडी छत) हा कधी कधी त्या वाड्याच्या चौकाचा एकमेव पुरावा असतो.

लग्नपत्रिका, भाडेपावत्या, गणेश मंडळाचे अहवाल रद्दीत जाऊ देऊ नयेत. मंडळाच्या अहवालात वर्गणीदारांची नावं असतात. सलग पाच-सहा वर्षांचे मिळाले तर आळीत कोण आलं, कोण सोडून गेलं, दुकानं कधी बदलली, हे ओळीने दिसतं.

(दृश्य : संमतीपत्र, सही. मग छापलेल्या मजकुरावर लाल पेन्सिल.)

संमती मराठीत, लेखी आणि तपशीलवार हवी: आवाज वापरायचा का, नाव द्यायचं का, कुठला भाग किती वर्षं बंद ठेवायचा. वाड्यांमध्ये मालक-भाडेकरूंचे दावे, भाऊबंदकी, पुनर्विकासाचे करार चालू असतात. "माळ्यावरची खोली आमचीच होती" हे साधं वाक्य उद्या कोर्टात उभं राहू शकतं. असा भाग दावा संपेपर्यंत बंद ठेवावा, पण पुसू नये.

मुलाखत शब्दशः उतरवून महिन्याच्या आत सांगणाऱ्याला वाचून दाखवावी. दुरुस्ती सांगितली तर मूळ वाक्य तसंच ठेवून दुरुस्ती शेजारी तारखेसह लिहावी. फाइलच्या नावात पेठ, सिटी सर्व्हे नंबर, तारीख आणि क्रमांक असावा. 'आजींची मुलाखत नवी फायनल' अशा नावाची फाइल दोन वर्षांनी कुणालाच सापडत नाही. तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक वेगळ्या इमारतीत ठेवावी, आणि वर्षातून एकदा प्रत्येक फाइल उघडून पाहावी. एक प्रत घरच्यांना द्यावी. दुसरी पुणे नगर वाचन मंदिरासारख्या, १८४८ पासून पेठेतच असलेल्या संस्थेकडे देण्याचा प्रयत्न करावा. देताना ट्रेसिंग पेपर, संमतीपत्रं आणि नंबरांची यादी सोबत असावी. नुसती हार्डडिस्क कपाटात ठेवली, तर पुढच्या माणसाला कुठला आवाज कुठल्या उंबऱ्याचा, हे कळायचा मार्गच राहत नाही.