‘तुम्ही डॉक्टर का नाही झालात?’

नमस्कार. मुलं पुढे बसलीत आणि पालक मागे, हे फार चांगलं झालं. एरवी पालक पुढे बसतात आणि मुलांच्या वतीने माना डोलावतात.

वाचनालयाच्या पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बारावीनंतर नर्सिंग की दुसरं काही?’ सगळं सांगणार आहे. पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. गेल्या महिन्याभरात माझ्याकडे जेवढे पालक आले, त्यातल्या बहुतेकांचं वाक्य एकच होतं. ‘नीटला कमी पडले, बीएएमएसलाही लागत नाहीये, मग म्हटलं नर्सिंग तरी करू दे.’ तो ‘तरी’ मला सलतो. चौतीस वर्षं नोकरी केली, अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून लागले, परिसेविका म्हणजे वॉर्डची मुख्य सिस्टर झाले, शेवटची वर्षं पाठ्यनिर्देशिका म्हणून नर्सिंगच्या मुलींना शिकवलं, आणि सगळीकडे हा ‘तरी’ माझ्या पुढे जाऊन बसलेला असायचा.

एक रात्र सांगते. साल १९८९, जिल्ह्याच्या ठिकाणचं रुग्णालय. मी नवीन होते. बाळंतिणींचा वॉर्ड, खाटा ३०, बायका ३८, म्हणजे आठजणी खाली गाद्यांवर. नाईटला मी आणि एक मावशी. लेबर रूममधून एक बाई एकच्या सुमारास वॉर्डात आली. चौथं बाळंतपण, सुरळीत झालेलं. तिला ताब्यात घेताना नाडी ८४, बीपी ठीक. बाळ अंगावर लावलं, ती झोपली.

दोनला तिने हाक मारली, ‘बाई, पाणी द्या.’ दिलं. बाळंतिणीला तहान लागतेच. पंधरा मिनिटांनी परत, ‘पाणी.’ पलीकडे एकीचं बाळ रडत होतं, ते बघून आले तर हिने तिसऱ्यांदा पाणी मागितलं. आता ती जांभया देत होती आणि अंगावरची चादर पायाने ढकलत होती. डिसेंबरची रात्र होती हो, बाकीच्या बायका पदर डोक्यावरून घेऊन झोपल्या होत्या.

मुलींनो, इथे नीट ऐका. बीपी घेतलं, १०० वर ७०. कागदावर काही बिघडलेलं दिसत नव्हतं. नाडी धरली, १२४. बीपी उशिरा पडतं, नाडी आधी सांगते. पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय नारळासारखं कडक लागायला हवं, ते कणकेच्या गोळ्यासारखं मऊ लागलं. चादर वर केली तर खालच्या रबराच्या शीटवर रक्ताचं तळं. चादर जाड होती, वरून एक डाग दिसत नव्हता.

मावशींना डॉक्टरांच्या क्वार्टरकडे पळवलं. एका हाताने पोट चोळत राहिले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी नातेवाईक उठली, तिला म्हटलं, आजी, पायथ्याखाली ते लाकडी ठोकळे सरकवा. तिने सरकवले. लघवीची पिशवी भरली असेल तर गर्भाशय आवळत नाही, म्हणून नळी घालून ती रिकामी केली. सलाईन लावलं, त्यात गर्भाशय आवळायचं औषध, पिटोसिन. मेथर्जिनही गर्भाशय आवळतं, पण बीपी चढवतं. हिचं बीपी वाढलेलं नव्हतं, म्हणून लेबर रूमच्या स्थायी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या सूचनेप्रमाणे त्याचं इंजेक्शन दिलं. डॉक्टर आले तोवर हाताखाली तो गोळा परत आवळायला लागला होता. ते हाताला कळतं. अजून आठवतं मला.

सकाळी तिला दोन बाटल्या रक्त चढलं, एक नवऱ्याचं आणि एक भावाचं. डॉक्टर मनाने मोठे, त्यांनी नातेवाईकांना सरळ सांगितलं, ‘सिस्टरांनी वाचवलं.’ तेव्हा त्या बाईच्या सासूने माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी, आणि म्हणाली, ‘बाई, एवढ्या हुशार तुम्ही, मग डॉक्टर का नाही झालात?’

कौतुकच होतं ते, माझ्या चांगल्यासाठीच म्हणत होती ती. मला उत्तर सुचलं नाही, आणि पुढे कितीतरी वर्षं सुचलं नाही. इथे हसताय, पण मागच्या ओळीतल्या नर्सपैकी कितीजणींना हाच प्रश्न विचारला गेलाय, हात वर करा बघू. बघा. सहा हात.

उत्तर आज देते. त्या रात्री डॉक्टरांकडे तीन वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर होतं. सिझेरियन करायची वेळ आली असती तर मी काही करू शकले नसते, तिथे तेच हवे होते. पण ती बाई तिसऱ्यांदा पाणी मागत होती तेव्हा तिथे मी होते, आणि हे तिसऱ्यांदा आहे हे मला ठाऊक होतं, कारण पहिल्या दोन वेळचं पाणी मीच दिलं होतं. ही डॉक्टरीची खालची पायरी नाही. ही विद्या वेगळी आहे.

आणि आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. सावित्रीबाई शिक्षिका म्हणून सगळ्यांना पाठ आहेत. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा मुलगा डॉ. यशवंत याच्याबरोबर त्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्यांचं शेवटचं काम शुश्रूषेचं होतं. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, रमाबाई रानड्यांनी तिथून बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं, त्यात विधवा होत्या. परक्याचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, हे घरंदाज बाईचं काम नव्हे असं म्हणणारा तो काळ. आणि अगदी अलीकडे, २६/११ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं, दारं लावून घेतली, आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्यावर बाहेर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेने लेबर रूममध्ये नेलं. २०२२ साली त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. शाळेच्या पुस्तकात हा धडा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. बरं, आता भराभर.

निवड करताना मार्कांच्या आधी एक बघा, आजारी माणसाजवळ तुम्हाला किती वेळ आणि किती जवळ राहायचंय. लॅबमध्ये माणूस भेटत नाही, त्याची ट्यूब भेटते. ज्याला शांतपणे अचूक काम आवडतं त्याने डीएमएलटी, बीएमएलटी हे लॅब तंत्रज्ञाचे कोर्स बघावेत, त्यात काही कमी नाही. एक्स-रे, सीटीवाल्याला माणूस दहा मिनिटं भेटतो. फिजिओथेरपीत तोच रुग्ण महिनोन्‌महिने येतो आणि डोळ्यांदेखत चालायला लागतो. डायलिसिसच्या तंत्रज्ञाला तोच माणूस आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास, वर्षानुवर्षं. फार्मसी काउंटरवरची किंवा कारखान्यातली. नर्सिंगमध्ये मात्र आठ तास सलग, सणावारी, रात्रीसुद्धा, आणि माणसाचं सगळं, उलटीपासून रडण्यापर्यंत. ज्याला ते झेपणार नाही त्याने येऊ नये. इथे मन नसलेली मुलगी रुग्णाला महागात पडते.

आता कोर्स. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, दोन वर्षं, आरोग्य उपकेंद्रात गावपातळीवरचं काम, साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० ला. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा, तीन वर्षं, आर्ट्सवाल्यांनाही चालतं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी मिळते, म्हणजे दार बंद होत नाही. मुलांनो, तुम्हीही या. वॉर्डात चांगल्या ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, किंमत विचारा कोणालाही. प्रवेशाचे नियम हलत असतात, राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलची साइट स्वतः बघा, एजंटाला विचारू नका.

एक सावधगिरी. एक वर्षाचा कोर्स, पांढरा युनिफॉर्म, भिंतीवर मोठा बोर्ड, आणि शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणीच नाही. अशा एका संस्थेतून फसून आलेल्या चार मुली माझ्यासमोर रडल्यात. फी भरण्याआधी राज्याच्या आणि भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव शोधा.

पगाराचं खरं सांगते. सरकारी नोकरी चांगली, जागा थोड्या. खाजगीत, ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी महिना २०,००० च्या खाली पगार नको, अशी शिफारस केंद्राच्या समितीने २०१६ मध्येच केली आहे. ती पाळली जात नाही असे दवाखाने मी पाहिलेत. मुलाखतीत हा आकडा तोंडावर सांगा. जर्मनीबद्दल विचारणारे खूप आहेत. २०२४ मध्ये आपल्या राज्याने तिथल्या बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी करार केलाय, नर्सना तिथे मागणी आहे, पण आधी जर्मन भाषा कसून शिकावी लागते. पहिल्या वर्षापासूनच सुरू करा.

वेळ संपली. खाली टेबलापाशी मी सात वाजेपर्यंत बसणार आहे. या, पण आल्या आल्या मार्कशीट पुढे करू नका. घरात आजी किंवा आजोबा अंथरुणाला खिळले होते का, रात्री त्यांना कूस कोण वळवायचं, आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात, ते मला आधी सांगा.