पुढं किती दिसेल? : डोळ्याच्या पडद्यावरची शीर बंद पडल्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

पडद्यावरची शीर बंद पडली, डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पुढं किती दिसंल?" विचारणारा तासगावचा बागायतदार असो, मिरजेचे निवृत्त रेल्वे कर्मचारी असोत की जतवरून मुलाचा हात धरून आलेली आजी असो. प्रश्न रास्त आहे. त्यावर नुसतं "बघू" म्हणून माणसाला परत पाठवणं मला पटत नाही. बऱ्याच गोष्टी आधी सांगता येतात, त्या आज सांगतो.

पडद्यातलं रक्त बाहेर नेणारी शीर गुठळीनं बंद होते. त्यामागं बहुतेकदा रक्तदाब असतो. पडद्यावर धमनी जिथं शिरेला ओलांडून जाते, तिथं दोघींवर एकच वेष्टण असतं. वर्षानुवर्षांच्या बीपीनं धमनी कडक झाली, की ती शिरेला दाबते. शिरेची एखादी फांदी बंद पडली तर पडद्याचा एक भाग बिघडतो, मुख्य शीर बंद पडली तर सगळा पडदा. दुखत काहीच नाही. दुसरा डोळा काम भागवत असतो, म्हणून कित्येकांना आठवडे आठवडे पत्ता लागत नाही.

पुढं काय होतं ते सांगलीकरांना फार समजावून सांगावं लागत नाही. खाली पाणी अडलं की कृष्णेला फुगवटा येतो, आणि पाणी मळ्यांत शिरतं. शिरेतही रक्त असंच तुंबतं, पाणी झिरपतं आणि पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण अक्षरं वाचतो तिथं, सूज येते. पूर ओसरतोच. पण ऊस वाचला की कुजला, हे पाणी किती दिवस उभं होतं त्यावर ठरतं.

इंजेक्शनानं गुठळी विरघळत नाही, हे आधी नीट समजून घ्या. रक्तवाहिन्यांना झिरपायला लावणारं एक प्रथिन असतं, त्याला ते औषध अडवतं. त्याचा जोर साधारण महिना-दीड महिना टिकतो. तेवढ्या अवधीत शरीर बंद शिरेला वळसा घालून जाणाऱ्या नव्या वाटा तयार करत असतं. त्या पुरेशा झाल्या की इंजेक्शनं थांबतात. कुणाच्या चार-सहा महिन्यांत होतात, कुणाच्या वर्षांनुवर्षं होत नाहीत.

२०१० साली रॅनिबिझुमॅब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. सहा महिने, दर महिन्याला इंजेक्शन. फांदी बंद पडलेल्यांना तक्त्यावरची सरासरी अठरा अक्षरं जास्त दिसू लागली, मुख्य शीर बंद पडलेल्यांना पंधरा. त्या तक्त्यावर एका ओळीत पाच अक्षरं असतात, म्हणजे तीन ओळींहून जास्त आणि तीन ओळी. काही जणांना सहा महिने इंजेक्शनाचा नुसता आभास दिला होता, खरं औषध नंतर सुरू केलं. तेही सुधारले, पण वर्षाअखेरीला आधी सुरू केलेल्यांच्या मागेच राहिले. सूज सहा महिने तशीच राहिली, त्याची ही किंमत.

म्हणून माझ्याकडं कुणी आलं की पहिला प्रश्न असतो, "कधीपासून?" दुसरी गोष्ट, सुरुवातीला किती दिसत होतं. इथं गल्लत होते. ६/६० म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरूनच दिसणं. त्यावर आलेल्या माणसाला सुधारायला वाव मोठा, त्याच्या ओळी जास्त वाढतात. ६/१८ वर आलेल्याच्या कमी वाढतात, पण शेवटी चांगलं दिसतं ते बहुतेक त्यालाच. त्यामुळं शेजाऱ्याच्या किती ओळी वाढल्या, हे ऐकून आपला हिशेब मांडू नका.

तिसरी गोष्ट ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनच्या, कागदावर असते. आमचे पेशंट सुजेचा आकडा तोंडपाठ करून येतात: "मागच्या वेळी ४८० होता, आता २९०." आकडा उतरला याचा आनंद मलाही होतो. पण मी त्याच्याखाली पाहतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची एक बारीक रेघ असते. ती सलग असेल तर मी मोकळेपणानं चांगली बातमी देतो. तुटलेली असेल तर सूज पूर्ण उतरूनही नजर अडते, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. मध्यभागी रक्त पोचतंय का, हेही अँजिओग्राफीत, म्हणजे पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीत, पाहावं लागतं. पोचत नसेल तर कुठल्याही कंपनीचं औषध त्याला फार पुरत नाही.

चार वर्षांनी काय? याच रुग्णांपैकी काही जणांवर चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. गट लहान, सत्तरच्या आतला, तेव्हा आकडे जपून घ्यावेत. पण फांदीवाल्यांपैकी निम्म्यांची आणि मुख्य शिरेवाल्यांपैकी ४४ टक्क्यांची सूज गेली होती, म्हणजे शेवटच्या इंजेक्शनानंतर निदान सहा महिने परत आली नव्हती. उरलेल्यांना इंजेक्शनं चालूच होती.

मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते मात्र पुढचं. पहिल्या वर्षानंतर त्या रुग्णांच्या तपासण्या दर महिन्याऐवजी तीन महिन्यांवर नेल्या, इंजेक्शनंही कमी झाली. फांदीवाल्यांची नजर बहुतेक टिकली. मुख्य शिरेवाल्यांची घसरली. औषध तेच, माणसं तीच. सैल झाली ती देखरेख. आपल्याकडं हे दर वर्षी घडतं. ऑक्टोबरची छाटणी आली, बेदाण्याचं शेड सुरू झालं, कारखान्याची तोड लागली, की तारीख चुकते. दिसत असतं, म्हणून वाटतं राहू दे. आणि पैशाची अडचण खरी असते, ती मी नाकारत नाही. पण तसं असेल तर बंद करण्याआधी बोला. बेव्हॅसिझुमॅब हे याच कामाचं बरंच स्वस्त औषध आहे. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांच्या निकालात ते महागड्या अ‍ॅफ्लिबरसेप्टपेक्षा कमी ठरलं नाही. रॅनिबिझुमॅबही २०१५ पासून देशी बनावटीचं मिळतं.

घरच्या घरी एक करा. रोज सकाळी एक एक डोळा झाकून कॅलेंडरचे आकडे वाचा. रेघ वाकडी दिसली, अक्षर पुसट झालं, तर तारखेची वाट पाहू नका. बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून सोडू नका. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका आहे. आणि मुख्य शीर बंद पडली असेल, तर पहिल्या काही महिन्यांत डोळा लाल होऊन दुखायला लागला, डोकं ठणकलं, तर काचबिंदूची भीती असते, तेव्हा त्याच दिवशी या. येताना जुन्या ओसीटीचे सगळे कागद आणा. पहिला कागद तर नक्कीच. पुढचं अनुमान मी त्याच्यावरूनच करतो.

नमस्कार.