समीकरण संतुलित करताना सूत्राला हात लावू नका

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली दहावीच्या अनेक विद्यार्थ्यांनी एकच प्रश्न विचारला आहे: "मॅडम, रासायनिक समीकरणात ऑक्सिजन काही केल्या जुळत नाही, मग सूत्रातला आकडा बदलला तर काय बिघडते?" आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे. डावीकडे अभिक्रियाकारके म्हणजे अभिक्रियेत भाग घेणारे पदार्थ, उजवीकडे उत्पादिते म्हणजे तयार होणारे पदार्थ आणि दोन्हीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे अणू समान, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

घरच्या गॅस सिलिंडरमधला ब्यूटेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात, म्हणून तो पूर्ण जळाला की कार्बन डायऑक्साइडचे ४ आणि पाण्याचे ५ रेणू मिळतात. इथपर्यंत कोणी अडत नाही. आता उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: ८ आणि ५ मिळून १३ अणू होतात, आणि डावीकडे तर ऑक्सिजन दोन-दोनच्या जोडीनेच येतो.

उत्तरपत्रिका तपासताना मला नेमकी इथेच खाडाखोड दिसते. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिला जातो, उजवीकडे १८ अणू होतात, डावीकडे ऑक्सिजनचे ९ रेणू लिहिले की हिशेब चोख जुळतो, आणि तरीही उत्तर साफ चुकलेले असते. कारण आता तिथे पाणी उरलेलेच नाही, जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आले आहे. सूत्रातला खालचा छोटा आकडा पदार्थ कोणता ते सांगतो. सूत्रापुढचा आकडा, म्हणजे सहगुणक, त्याचे रेणू किती ते सांगतो. आपल्याला फक्त "किती" बदलण्याची मुभा आहे.

एका अणूने काय होते, असेही एकाने लिहिले आहे. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजनचा एक अणू कमी केला की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि बंद न्हाणीघरात गॅस गीझरला पुरेशी हवा मिळाली नाही तर तयार होणाऱ्या याच वायूने माणसे दगावतात. म्हणून गणित सुरू करण्यापूर्वी सगळी सूत्रे तपासून चौकटीत लिहा आणि मग चौकटीच्या आत पेन नेऊ नका.

मग १३ चे करायचे काय? ऑक्सिजनचे साडेसहा रेणू धरा आणि संपूर्ण समीकरणाची दुप्पट करा: ब्यूटेनचे २, ऑक्सिजनचे १३, कार्बन डायऑक्साइडचे ८, पाण्याचे १०. कार्बन १२, हायड्रोजन १ आणि ऑक्सिजन १६ या अणुवस्तुमानांनी पडताळा घ्या. दोन्ही बाजूंना ५३२ येते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी १७८९ साली आपल्या ग्रंथात मांडलेला वस्तुमान अक्षय्यतेचा नियम हाच आहे.

"दुप्पट करायची ट्रिक पाठ करू का?" असे विचारणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की पाठ करू नका. त्याच सिलिंडरमधला प्रोपेन घ्या, कार्बन ३ आणि हायड्रोजन ८. उजवीकडे ऑक्सिजनचे ६ आणि ४ मिळून १० अणू होतात, डावीकडे ऑक्सिजनचे ५ रेणू पुरतात, आणि दुप्पट करण्याची वेळच येत नाही.